स्वर पोहोचतो, व्यंजन हरवते

“आवाज येतो हो डॉक्टर, पण शब्द कळत नाही.” कोल्हारच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य दोन्ही पिढ्यांकडून ऐकू येते. सत्तरी ओलांडलेले आजोबा ते सुनेच्या बोलण्याविषयी म्हणतात आणि सून तेच आजोबांच्या बोलण्याविषयी म्हणते. दोष समोरच्याचा आहे, असे दोघांनाही वाटते. आजोबांच्या मते हल्लीची माणसे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. सुनेच्या मते आजोबा बोबडे बोलू लागले आहेत आणि वर ऐकतही नाहीत. वस्तुतः या दोन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे आणि ते उच्चाराच्या घडणीत आहे. ही घडण समजून घेतली, तर घरातील पुष्कळ चिडचिड टळते आणि क्वचित प्रसंगी एखाद्याचा जीवही वाचतो.

उच्चार ही तीन ठिकाणी घडणारी क्रिया आहे. फुप्फुसे वारा पुरवतात. त्या वाऱ्याने स्वरयंत्रातील दोन पट्ट्या कंप पावतात. प्रौढ पुरुषात सेकंदाला सुमारे १२० वेळा, तर स्त्रीमध्ये सुमारे २०० वेळा. येथे जो निर्माण होतो तो केवळ नाद असतो, शब्द नव्हे. त्या नादाला शब्दाचे रूप देतात ती टाळू, जीभ, दात आणि ओठ. आपली वर्णमाला म्हणजे या तोंडाचा नकाशाच आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ण सावकाश म्हणून पाहावेत. पहिला घशाजवळ उमटतो, पुढचा टाळूला लागून, तिसरा जीभ किंचित वळवून, चौथा दातांपाशी आणि शेवटचा ओठांवर. आतून बाहेर येणाऱ्या या वाटेची नोंद आपल्या पूर्वजांनी कोणत्याही यंत्राविना केली आणि मुलांच्या पाठांतरात ती जपून ठेवली.

या वर्णांचे दोन मोठे गट आपण शाळेत शिकलो. स्वर म्हणताना वाऱ्याची वाट मोकळी असते. अ, आ, ई, ओ हवे तितके लांबवता येतात. व्यंजन म्हणताना वाट कुठेतरी अडते किंवा अरुंद होते. क, ट, प ही तर क्षणभराची कामे आहेत. वाट बंद झाली, उघडली, संपले. नादाचे बळ स्वरात असते, म्हणून तो लांबवर ऐकू जातो. पण अर्थाचा मोठा भार व्यंजनावर असतो. ताट, खाट, पाट हे तीन शब्द पाहा. तिन्हींतील स्वर एकच आहे आणि शेवटचा वर्णही तोच. वेगळे आहे ते फक्त पहिले व्यंजन, आणि तेवढ्यावर जेवायला बसायचे की निजायचे, हे ठरते. या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच: स्वर पोहोचतो, व्यंजन हरवते, आणि वय वाढते तसे ते बोलणाऱ्याच्या तोंडातूनही हरवते आणि ऐकणाऱ्याच्या कानातूनही.

मराठीत तर हे काम आणखी नाजूक आहे. ‘जरा थांबा’ यातील जरा म्हणजे थोडे, आणि ग्रंथांतरी भेटणारी जरा म्हणजे म्हातारपण. लिहिताना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. बोलताना मात्र पहिल्या शब्दात जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते आणि दुसऱ्यात जिभेचा मधला भाग टाळूकडे जातो. केसभर अंतराचा हा फरक आपण दिवसातून शेकडो वेळा विचार न करता करतो.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. उच्चार शुद्ध की अशुद्ध, हा वैद्यकाचा प्रश्न नाही. आमच्या प्रवराकाठी अनेक वडीलधारी मंडळी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. ती त्यांची बोली आहे, आजार नव्हे, आणि ती सुधारण्याचा खटाटोप नातवंडांनी करू नये. मी घरच्यांना एवढेच विचारतो, “हे मागच्या महिन्यात बोलत होते तसेच आज बोलतात का?” जन्मभर ‘पाणी’ म्हणणारा माणूस एकाएकी ‘पानी’ म्हणू लागला, तर मात्र मी लगेच त्याला तपासायला घेतो. प्रत्येकाचा उच्चार त्याच्या स्वतःच्या कालच्या उच्चाराशी ताडून पाहायचा असतो, पुस्तकाशी नव्हे.

आता गाण्याकडे वळू, कारण बोलणे आणि गाणे यांतील फरक कळला की पुढचे सारे उलगडते. बोलताना आपण सेकंदाला साधारण चार ते सहा अक्षरे उच्चारतो. गाताना काळ ताणला जातो, पण तो ताण सगळा स्वरांच्या वाट्याला येतो. ‘विठ्ठल विठ्ठल’ हा गजर मनात घोळवून पाहावा. ‘ठ्ठ’ कितीही इच्छा असली तरी लांबवता येत नाही. तेथे आवाज क्षणभर बंदच होतो. लांबतो तो ‘वि’मधील इकार, लांबतो शेवटचा अकार, आणि थोडासा लकार. त्या बंद होणाऱ्या ‘ठ्ठ’मुळे टाळाविनाही ताल उभा राहतो. म्हणजे गाण्यात स्वर सूर सांभाळतात आणि व्यंजने ताल राखतात. शिवाय बोलताना आपण ‘राम्’ म्हणतो, शेवटचा अकार गिळून टाकतो. भजनात तोच अकार पुन्हा पूर्ण उच्चारला जातो. आमच्या प्रवरेच्याच काठी, पुढे नेवाशाला, शके १२१२ मध्ये म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या काळच्या मराठीत शब्दांच्या अंती स्वर उच्चारला जात असे. आज आपल्या बोलण्यातून गेलेला तो स्वर पारायणातल्या ओवीत आणि भजनात टिकून आहे.

गाणारा माणूस स्वर लांबवता लांबवता व्यंजन विसरला, तर सूर उरतो आणि शब्द विरतो. आवाज फार उंच चढला की ई आणि ऊ हे स्वरही आकाराकडे झुकू लागतात. तार सप्तकातले शब्द आपल्याला नीट कळत नाहीत त्याचे हे एक कारण आहे. म्हणून शब्द जपणाऱ्या गायकाचे मोल मोठे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. त्यातील ५६ गीते आपल्या वाचकांपैकी अनेकांनी रेडिओसमोर बसून ऐकली असतील. बाबूजींचे गायन पुन्हा ऐकताना एवढेच न्याहाळावे: व्यंजन नेमके, हलके आणि वेळेवर येते, आणि मगच स्वर विस्तारतो. लता मंगेशकरांच्या बाबतीतली हकीकत सर्वश्रुत आहे. मराठी गायकांच्या उर्दू उच्चारांविषयी दिलीपकुमार यांनी शंका व्यक्त केली, तेव्हा त्यांनी उर्दूचे शिक्षक ठेवून ती भाषा शिकून घेतली. जीभ हा स्नायूंचा अवयव आहे. सराव दिला की तो शिकतो. हा नियम तरुण गायिकेला लागू आहे तसाच पंचाहत्तरीच्या आजोबांनाही. त्यांचा वेग कमी असतो, इतकेच.

वयाबरोबर व्यंजने का ढासळतात, ते क्रमाने पाहू. वरचे पुढचे दात गेले की स, फ, व हे वर्ण बदलतात, कारण त्यांना दाताचा कड लागतो. कवळी सैल झाली की ती सावरण्यात जीभ गुंतते आणि त, थ, द, ध गुळगुळीत होतात. तोंड कोरडे पडले की जीभ चिकटते. ॲलर्जीच्या, झोपेच्या आणि लघवीच्या तक्रारींवरील काही औषधांनी असा कोरडेपणा येतो. औषध आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना हे जरूर सांगावे. ओठांत शक्ती कमी झाली की प, ब, म सैल होतात. स्वरयंत्राच्या पट्ट्या वयाने पातळ आणि ताठ होतात. त्यामुळे पुरुषांचा आवाज किंचित बारीक आणि स्त्रियांचा किंचित जाड होतो. फुप्फुसांचा वारा कमी पडला की वाक्याचा शेवट विझतो, आणि मराठीत क्रियापद तर शेवटीच असते! “औषध घेतले” की “औषध घेतले नाही,” हे कळण्याआधीच वाक्य संपून जाते.

पाणिनीय शिक्षा या प्राचीन ग्रंथात उच्चारासाठी एक सुंदर दृष्टांत आहे. वाघीण आपली पिल्ले दातांत धरून नेते, पण ती पडू देत नाही आणि त्यांना दात लागूही देत नाही. वर्णांचा उच्चार तसा करावा. नवी कवळी बसवलेल्यांना मी हा दृष्टांत आवर्जून सांगतो. कवळी डबीत ठेवून बोलणे वाढत नाही. रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. काही आठवड्यांत जीभ नव्या दातांशी जुळवून घेते. तरीही कवळी हलत असेल, तर दंतवैद्यांकडून ती नीट करून घ्यावी.

आता ऐकणाऱ्याची बाजू. स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांचा नाद क्षीण असतो आणि तो बहुतांशी उंच पट्टीत असतो. ‘स’मधील बराचसा नाद सेकंदाला ४,००० हून अधिक कंपनांचा असतो. म्हातारपणी कान आधी नेमकी हीच उंच पट्टी गमावतो. खालच्या पट्टीतले स्वर बराच काळ शाबूत राहतात. म्हणून आजोबांना आवाज येतो, पण शब्द कळत नाही. त्यात आमचे गाव नगर-मनमाड रस्त्यावर. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवीत जाऊ लागले की त्या गोंगाटाखाली पहिल्यांदा गाडली जातात ती व्यंजनेच.

अशा वेळी घरचे काय करतात? ओरडतात. ओरडल्याने स्वर फुगतो. व्यंजन आहे तेवढेच राहते, उलट त्या फुगलेल्या स्वराखाली दबते. शिवाय ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा रागावलेला दिसतो आणि म्हाताऱ्या माणसाला शब्द कळला नाही तरी चेहरा कळतो. त्याऐवजी दूरदर्शन संच बंद करावा, हाताच्या अंतरावर समोर बसावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड असू द्यावा, तोंडात पान-सुपारी नसावी आणि वाक्य सावकाश, तोडून बोलावे. ओठ दिसले की प आणि म यांसारखे वर्ण डोळ्यांनीही ऐकता येतात. कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. “ताट आणू?” याऐवजी “जेवायला ताट वाढू का?” असे विचारले की आजूबाजूचे शब्द हरवलेल्या व्यंजनाची भरपाई करतात. कानात मळ साठला आहे का, हे आधी पाहून घ्यावे आणि गरज असल्यास श्रवणयंत्र लावण्यास संकोच करू नये. चष्मा लावताना आपण लाजत नाही. मग यंत्राचीच लाज कशाला?

येथवर सांगितले ते हळूहळू होणाऱ्या बदलांविषयी. एकाएकी होणारा बदल ही वेगळी गोष्ट आहे. माणूस सकाळी नीट बोलत होता आणि दुपारी त्याची जीभ जड झाली, शब्द विसंगत येऊ लागले, तोंड एका बाजूला ओढले गेले किंवा एक हात वर उचलत नाही, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तो पक्षाघात समजून वागावे. एक सोपे वाक्य म्हणायला सांगावे, दोन्ही हात पुढे करायला सांगावे, हसायला सांगावे. शंका आली की घड्याळ पाहावे, तो शेवटचा केव्हा ठीक होता ते लक्षात ठेवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तोवर तोंडाने पाणी, चहा किंवा कोणतीही गोळी देऊ नये. गिळण्याचे आणि बोलण्याचे अवयव एकच असल्याने ती श्वासनलिकेत जाऊ शकते. “झोपेतून उठल्यावर बरे वाटेल” म्हणून वाट पाहणे सर्वांत महाग पडते.

आणखी दोन खुणा ध्यानात ठेवाव्यात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, विशेषतः बिडी, तंबाखू वा मिश्रीची सवय असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. आवाज हळू, एकसुरी आणि घाईचा होत चालला असेल, सोबत अक्षरही बारीक होऊ लागले असेल, तर कंपवाताची शंका घ्यावी. अशा माणसाला आपण नेहमीसारखेच बोलतो असे वाटत असते. त्याला रागावू नये, तपासणीला न्यावे.

पक्षाघातानंतरच्या एका प्रसंगाने मला बोलणे आणि गाणे यांचे नाते फार जवळून दाखवले. एका वस्तीवरचे अण्णा. उजवा हात-पाय लुळा पडलेला आणि वाचा गेलेली. समोर पाण्याचा तांब्या असूनही त्यांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नसे. एके दिवशी त्यांचा मुलगा काहीशा रागानेच म्हणाला, “डॉक्टर, आण्णा सोंग तर करत नाहीत ना? संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की सगळ्यांबरोबर अभंग म्हणतात. आणि आम्हाला पाणी मागता येत नाही होय?” त्यांच्या आई बाजूला बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतही तोच प्रश्न होता.

ते सोंग नव्हते. बहुसंख्य माणसांत मनातला विचार नव्या वाक्यात मांडण्याचे काम मेंदूचा डावा भाग करतो. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूवरून डाव्या भागातील या केंद्राकडे जगाचे लक्ष वेधले. सूर, ताल आणि जन्मभराचे पाठांतर यांना मेंदूचे इतर भाग, विशेषतः उजवा भाग, हातभार लावतात. एक वाट बंद झाली तरी दुसरी थोडीफार खुली असते. म्हणूनच वारांची नावे, एक ते दहा आकडे, “राम राम” आणि कधीकधी शिवीसुद्धा अशा माणसाच्या तोंडून सुबकपणे बाहेर पडते. त्या शिवीचे वाईट वाटून घेऊ नये, ती कुणाला दिलेली नसते. अमेरिकेतील संशोधकांनी १९७३ मध्ये या निरीक्षणावरून एक उपचारपद्धती मांडली: रोजच्या उपयोगाची छोटी वाक्ये दोन सुरांत, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायची. पुढच्या अभ्यासांतून दिसले की सुराइतकेच, किंबहुना काही वेळा अधिक, महत्त्व तालाला आणि ओळखीच्या शब्दांना असते.

हे समजावून सांगितल्यावर मुलाचा राग ओसरला. वाचोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेऊन त्यांच्या आई रोज सकाळी अण्णांच्या डाव्या तळहातावर ठेका देत “पा-णी-दे” म्हणू लागल्या. प्रगती मुंगीच्या पावलांनी झाली आणि ती अर्धवटच राहिली. अण्णा पूर्वीसारखे बोलू लागले, असे मी म्हणणार नाही. हरिपाठ म्हणता येतो म्हणून बोलणे आपोआप परत येते, असेही नाही. पण काही महिन्यांनी त्यांच्या तोंडून ठेक्याविना, आपसूक पहिला शब्द आला तो “अगं” हा. जन्मभर त्यांनी पत्नीला त्याच एका शब्दाने हाक मारली होती. ते सांगताना मावशी पदराने डोळे टिपत होत्या.

ज्यांची वाचा शाबूत आहे, त्यांच्यासाठीही रोजची दहा मिनिटे पुरेशी आहेत. ताठ बसावे. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद टिकतो ते घड्याळावर पाहावे. निरोगी प्रौढाला पंधरा-वीस सेकंद जमते, आणि सतत दहाच्या आतच येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. मग क-च-ट-त-प ही पाचही ठिकाणे स्पष्ट म्हणावीत. एखादा पाढा, एखादी ओवी किंवा अभंग मोठ्याने, शब्द न गिळता म्हणावा, आणि शेवटच्या शब्दासाठी श्वास शिल्लक ठेवावा. शक्य असेल तर हे एकट्याने न करता चारचौघांत करावे. आमच्या भगवतीमातेच्या गावात, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत, त्यासाठी भजनी मंडळ तयारच असते. मात्र पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर गाणे बाजूला ठेवून आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

सांभाळणाऱ्यांकडून मी फक्त एकच पथ्य मागतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजावेत. म्हाताऱ्या माणसाला शब्द शोधायला, श्वास भरायला आणि जीभ जागेवर न्यायला वेळ लागतो. आपण मध्येच त्याचे वाक्य पूर्ण करतो, तेव्हा वेळ वाचतो. पण पुढच्या वेळी तो बोलायचेच टाळतो. न वापरलेली जीभ अधिकच जड होते आणि मग घर म्हणते, “आजकाल ते फारसे बोलत नाहीत.” दहा अंक मोजायला पैसा लागत नाही, औषधही लागत नाही. सातव्या-आठव्या अंकाला बहुधा उत्तर येतेच.